तेरा कोंबड्या ठीक आहेत

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. बसलाच, तर सांगण्यात काहीतरी कमी पडलं असं समजावं. एका म्हाताऱ्यानं नुसत्या घशाच्या जोरावर सरकारचं यंत्र फसवलं. फसवलं एवढंच नाही, त्याला शिकवलं, आणि त्या शिकवणीपायी सगळं खोरं मरणाच्या दारात जाऊन उभं राहिलं. गोष्ट फार लांबची नाही. आज शाळेत जाणाऱ्या पोरांच्या डोक्यात पहिला पांढरा केस येईल, तेव्हाची. अजून घडायची आहे म्हणून ती खोटी, असं ज्याला वाटत असेल त्यानं तेवढी वर्षं थांबावं.

घाटमाथ्याच्या पोटाशी, आजऱ्याच्या वरच्या अंगाला जांभूळमाळ नावाची वाडी. तिथले रवळूतात्या म्हणजे वय सत्तरीच्या पुढं, दात मोजके, पण तोंडात अख्खं रान. भारद्वाजापासून कोतवालापर्यंत कुणाचाही आवाज ते असा काढत, की त्या पक्ष्याची मादी फांदीवर येऊन बसे आणि खाली म्हातारा बघून निराश होऊन उडून जाई. तरुणपणी बांबूच्या बेटाआड बसून त्यांनी एकदा रानकोंबड्याची बांग दिली होती. रानातला कोंबडा चवताळून आला, बायकापोरांसकट आला, आणि आपल्याशी भांडणारा कुठं दिसेना म्हणून तात्यांच्या डोक्यावरच चढून बसला.

‘तसाच चालत घरी आलो,’ तात्या पारावर सांगायचे. ‘वाटंत भेटंल त्यो विचारतोय, तात्या, पटका आरवाय कधीपास्नं लागला?’

त्यावर त्यांची बायको मालन म्हणायची, ‘पटका आरवला, मान्य. पर त्या दिशी कालवण कशाचं झालं, त्ये बी सांगा की!’

पण ही गोष्ट तात्यांनी पारावर कधीच सांगितली नाही.

त्या वर्षी मालन घरामागच्या परड्यात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शहरात नेऊन हाड बसवलं, सळई घातली, पण डॉक्टरनं बजावलं की उठायचं नाही. माजघरात भिंतीला लागून तिची खाट. भिंतीच्या पलीकडं पडवी आणि पडवीत खुराडं. दिसत काही नसे, पण मालनला दिसायची गरजही नव्हती. कुठली कोंबडी अंड्यावर बसली, कुठलीनं दुसरीचा घास पळवला, सगळं तिला आवाजावरून कळे. ‘अहो, बोका आलाय बगा, काळी वरडतीया,’ असा खाटेवरून हुकूम सुटला की तात्या काठी घेऊन धावत, आणि खरंच कुंपणावर बोका असे.

कोंबड्या तेरा. सगळ्या मानकापी, म्हणजे जन्मतःच उघड्या मानेच्या. दिसायला ओंगळ, अंड्याला आणि उन्हाला चिवट. मालनच्या बापाला आंदणात गाय द्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्यानं डालग्यात एक मानकापी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, आणि एक कोंबडा घालून लेक सासरी पाठवली. पुढं धरण झालं. मालनचं माहेर पाण्याखाली गेलं. घर, देवळाची पायरी, बापाला जाळलं ती नदीकाठची जागा, सगळं. त्या गावातलं वर काही उरलं असेल तर ते या कोंबड्यांच्या अंगातलं रक्त. ती त्यांना ‘माझी माणसं’ म्हणायची.

आता यंत्राचं सांगायला हवं.

त्या काळात निळतुरा नावाचा रोग आला होता. पाणपक्ष्यांच्या आतड्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदणारे दोन वेगवेगळे विषाणू एका बदकाच्या पोटात भेटले, त्यांनी आपापसात जनुकांचे तुकडे बदलून घेतले, आणि तिसराच जन्माला आला. तो कोंबडीला झाला की तुरा जांभळा पडायचा, मान वळायची, आणि पाहता पाहता खुराडं रिकामं व्हायचं. माणसाला तो सहसा धरत नसे. कोंबडीच्या तोंडाला तोंड लावून तिचा श्वास घेणारं माणूस असतं कुठं? पण असं एखादं भेटलं आणि विषाणू माणसाच्या छातीत राहायला शिकला, तर पुढं तो माणसाकडून माणसाकडं जाईल, आणि मग त्याला अडवायला काहीच हातात नसेल, या भीतीनं शास्त्रज्ञांची झोप उडाली होती.

पूर्वी एका कोंबडीला रोग झाला तर कोसभरातल्या सगळ्या कोंबड्या पोत्यात भरून पुरत. लोक मग आजारी कोंबड्या लपवत आणि रोग आणखी फिरे. त्यावर उपाय म्हणून ‘कानोसा’ आला. लिंबाएवढं काळं बोंड, खुराड्याच्या आढ्याला टांगायचं, उन्हावर चालायचं. त्याचं काम एकच, ऐकणं.

माणसाचा आवाज नरड्याच्या वरच्या टोकाला तयार होतो. कोंबडीचा खाली छातीत होतो. श्वासनळीला दोन फाटे फुटून दोन फुप्फुसांकडं जातात, त्या बेचक्यात. निळतुऱ्याचा विषाणू पहिला मुक्काम टाकतो तो तिथंच. कोंबडी अजून दाणे टिपत असते, भांडत असते, तिचं तिलाही काही कळलेलं नसतं, पण बेचकं किंचित सुजतं आणि आवाजाला केसाएवढी चीर पडते. माणसाला ती ऐकू येत नाही. कानोशाला येते. प्रत्येक कोंबडीचा आवाज तो वेगळा ओळखतो आणि उजाडताना आणि दिवस मावळताना, कोंबड्या सर्वांत जास्त बडबडतात तेव्हा, हजेरी घेतो. सगळं बरं असेल तर हिरवा दिवा. शंका असेल तर पिवळा. खात्री झाली तर लाल. मग पथक येतं, तेवढंच खुराडं रिकामं करतं, आणि त्या परड्यात पुढं कित्येक वर्षं कोंबडी पाळायला बंदी. हिरव्या दिव्याच्या खुराड्याला मात्र कुणी हात लावत नाही. त्यामुळं लोकांचा कानोशावर देवासारखा विश्वास बसला.

तात्यांच्या आढ्यालाही कानोसा होता. तो बाईच्या गोड आवाजात बोलायचा, ‘तेरा कोंबड्या ठीक आहेत.’

‘मला एकदा तरी असं म्हन की गं बये,’ तात्या त्याला म्हणायचे.

थंडी पडली, खालच्या तलावावर परदेशी बदकं उतरली, आणि पक्ष्यांची ने-आण बंद असा हुकूम निघाला. वाडीनं तो पाळला. कुणी कोंबडी विकली नाही, आणली नाही, पाहुण्याच्या हाती दिली नाही. पण खुडूक कोंबडीची गोष्ट वेगळी. एखादी कोंबडी अंडी द्यायची थांबते, पिसं फुलवून कोपऱ्यात बसते, जवळ गेलं की कुरकुरते. तिला अंडी उबवायची ओढ लागलेली असते. ती खुडूक. शेजारणीकडं अंडी साठली असतील आणि बसवायला कोंबडी नसेल, तर ती येऊन खुडूक मागून नेते आणि पिल्लं निघाली की परत आणून देते. विरजण द्यावं तशी ही देवघेव. हिला कुणी ने-आण म्हणत नाही. आणि खुडूक मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायचं नसतं. नाही म्हणणारीची अंडी वांझ निघतात.

शेजारच्या आक्काताईंनी मालनची चंद्री अशीच नेली होती. या आक्काताई मालन पडल्यापासून रोज भाकरी-कालवण आणून देत होत्या, त्यांना कोण नाही म्हणणार? पण त्यांची लेक तलावाकाठच्या गावात दिलेली. तिच्याकडं अंडी जास्त साठली होती. आक्काताईंनी चंद्री परस्पर तिकडं पाठवली. चंद्री बदकांच्या शेजारी बसून पिल्लं काढून आली. उबवायला बसलेली कोंबडी गप्पच असते, म्हणून तेवढे दिवस कानोशानं तिची गैरहजेरी धरली नव्हती. तात्यांनी स्वतःच्या हातानं तिला डालग्यातून काढून खुराड्यात सोडलं.

थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी ते दाणे टाकायला गेले, तर चंद्री कोपऱ्यात आडवी होती. तुरा पिकल्या जांभळासारखा. तात्यांनी तिला उचललं. मान त्यांच्या मनगटावर दोरीसारखी लोंबली.

तेवढ्यात आढ्यावरून आवाज आला, ‘बारा आवाज ऐकू आले. एक आवाज कमी आहे. पुन्हा ऐकते.’

दिवा पिवळा झाला. भिंतीपलीकडून मालन म्हणाली, ‘काय म्हनतंय ओ त्ये? चंद्री कुठाय?’

तात्यांच्या हातात चंद्री होती. काय करतोय हे कळायच्या आत त्यांच्या घशातून चंद्री बोलली. तिची ती रेंगाळत, लाडात येऊन शेवटी वर चढणारी कुरकुर. एकदा. मग थांबून पुन्हा.

‘तेरा कोंबड्या ठीक आहेत,’ कानोसा म्हणाला. दिवा हिरवा.

‘हाय व्हय! बोलली बगा,’ मालन हसली. ‘माह्यारला जाऊन आल्यागत माजलीया.’

तात्या मेलेली कोंबडी छातीशी धरून पडवीत उभे होते, आणि पटका आरवणाऱ्या या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या सोंगाची भीती वाटली.

यंत्र कसं फसलं? ज्यांनी ते घडवलं त्यांनी त्याला आजार शिकवला होता. वारा, पाऊस, बोका, दूरचा ट्रॅक्टर, सगळं वेगळं काढायला शिकवलं होतं. पण एखादा माणूस कोंबडीच्या वतीनं खोटं बोलेल, हे शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दिवा पुन्हा पिवळा. ‘दोन आवाजांत फरक जाणवतो. पुन्हा ऐकते.’ तात्या धावले. कोण दोन? त्यांनी एकेकीला हलवून बोलतं केलं. बाकीच्या बोलल्या की दिवा निवळे, दोघी बोलल्या की पिवळा होई. काळी, आणि मोरपिशी. त्या दोघींना त्यांनी उचलून मागच्या रिकाम्या गोठ्यात नेऊन ठेवलं आणि परत येऊन काळी बोलले, मोरपिशी बोलले. हिरवा.

म्हणजे रोग हुडकायला दिलेलं यंत्र तात्यांना आधीच सांगत होतं, कुणाला लपवायचं ते.

लाल दिवा लागू द्यायचा, पथक बोलवायचं, हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. तेव्हाच भिंतीपलीकडून मालन कुणाशीतरी बोलल्यासारखं स्वतःशीच म्हणाली, ‘आमच्या गावच्या कोंबड्या. पान्याखाली गेलं समदं, ह्या ऱ्हायल्या.’ तात्यांनी फोन खिशात ठेवला. बाकीच्या वाचतील, त्यांनी स्वतःला सांगितलं. मालन चार पावलं टाकायला लागली की सांगू.

गोठ्यात ते आजारी कोंबड्यांना मांडीवर घेऊन बसत. हळदीचं पाणी, लसूण, कांद्याचा रस. काळीचा श्वास अडकला तेव्हा त्यांनी जुन्या लोकांसारखी तिच्या चोचीला तोंड लावून फुंकर घातली. तिनं एक आचका दिला, तिच्या छातीतली सगळी घरघर तात्यांच्या तोंडात आली, आणि ती गेली. फणसाखाली चुना टाकून त्यांनी तिला पुरलं. रोज दिवा पिवळा होई, रोज एखादी गोठ्यात जाई, आणि रोज तात्यांच्या घशात एक आवाज वाढे.

एकदा भरदुपारी आक्काताई दारात आल्या. पदरात अंडी.

‘तात्या, वैनीची दुसरी कोन खुडूक झालीया का? लेकीनं अंडी पाठवलीत.’

‘न्हाई,’ तात्या दारातच आडवे झाले.

‘न्हाई कसं? आत्ताच तर कुरकुरत हुती. कुंपनापतुर ऐकू आली की.’

कुरकुरत होते ते तात्याच. मालनला जेवताना ऐकू यावं म्हणून.

‘द्यायची न्हाई मला.’

आक्काताईंनी त्यांच्याकडं खालून वर पाहिलं. ‘तीस वर्सं शेजारी हाय. कवा न्हाई म्हनलं न्हाई कुनी कुनाला. आज तुमी म्हनला.’ त्यांनी अंड्यांवर पदर घट्ट ओढला. ‘ऱ्हाऊ द्या. पर ध्यानात ठेवा तात्या, खुडूक न्हाई म्हननाऱ्याचं खुराडं ओस पडतंय.’

त्या गेल्या. तात्या वळले. खुराड्यात तेव्हा दोनच कोंबड्या उरल्या होत्या. आयुष्यभर एवढ्या थापा मारल्या, आणि त्यांतल्या एकाही थापेनं माणूस दुखावलं नव्हतं. आज एक खरी गोष्ट धड सांगता आली नाही, आणि ज्या बाईला वाचवलं तीच शिव्याशाप देऊन गेली.

त्या दोघीही गेल्या. शेवटी खुराड्यात पीस उरलं नाही. तात्यांनी जमीन खरवडली, चुना मारला, पुढं बारदानाचा पडदा सोडला. उजाडताना आणि मावळताना ते पडद्याआड उकिडवे बसत आणि तेरा कोंबड्या बोलत. एक दाणा टिपते, दुसरी टोचते, तिसरी ओरडते, चौथी मध्ये पडते. रिकाम्या खुराड्यात भांडणं लागत, समजूत पटे, अंडं पडल्याचा गाजावाजा होई.

‘तेरा कोंबड्या ठीक आहेत.’

हा आवाज आता त्यांना गोड वाटेना. अंधाऱ्या विहिरीत वाकून हाक मारावी आणि आतून दुसऱ्याच कुणीतरी ‘ओ’ द्यावी, तसं वाटायचं.

मालन विचारायची, ‘अंडी कुठायत ओ? एवढ्या वरडत्यात, आन ताटात अंडं न्हाई.’

‘आक्काताईला देतोय. रोज भाकरी आनती बिचारी.’

‘मंग ती येत का न्हाई आता?’

तात्या भांडी घासायला निघून जात.

घसा धरला तो याच दिवसांत. आधी खवखव, मग खरखर, मग छातीत काहीतरी ओलं हलल्यासारखं. ओरडून ओरडून असं होणारच, ते म्हणाले. अंग कोमट लागलं. थंडीचे दिवस, ते म्हणाले.

मग जनावरांच्या डॉक्टर, नदाफ मॅडम, यांचा फोन आला. आवाजात इतका आनंद, की तात्यांना धडकी भरली.

‘तात्या, काय जादू केलीय तुम्ही? तलावापासून तुमच्या वाडीपर्यंत खुराडीच्या खुराडी लाल होती. मध्यात एक तुमचं हिरवं! मानकापीच आहेत ना सगळ्या? त्यांच्या रक्तात काहीतरी आहे तात्या. रोग येऊन गेला असणार आणि त्यांना काही झालं नसणार. त्यातनं लस निघू शकते. मी येते रक्त घ्यायला.’

‘अहो... गावठी कोंबड्या त्या...’

‘आणखी ऐका. कानोसे एकमेकांकडून शिकतात, माहितेय ना? हवामानानं, पिसं झडल्यानं कोंबड्यांचा आवाज हळूहळू बदलतो. तो बदल आजाराचा नाही हे यंत्राला कसं कळायचं? तर जे खुराडं कधीच लाल होत नाही, त्याच्यावरून. आता खोऱ्यात तुमचंच खुराडं नमुना आहे. तुमच्या कोंबड्या जशा बोलतात, त्याला बाकीची यंत्रं निरोगी समजतात. आणि बघा, त्यानंतर एक लाल दिवा नाही! रोग ओसरला तात्या!’

फोन बंद झाला. तात्या पडवीत खाली बसले. त्यांना जनुकं कळत नव्हती, पण सोंग कळत होतं, आणि सोंग शिकवणं म्हणजे काय तेही कळत होतं. त्यांचा घसा रोज थोडा थोडा खरखरत गेला होता. एकदम नाही, रोज केसभर. यंत्रानं त्यालाच बदलती हवा समजून घेतलं होतं. जी चीर ऐकायला कानोसा जन्मला, ती चीर निरोगी असते, असं तात्यांनी त्याला शिकवलं होतं. आणि त्यानं ते सगळ्या खोऱ्याला शिकवलं होतं.

ते उठून कुंपणापाशी गेले. पलीकडं आक्काताई खुराड्यापुढं बसून कोंबड्यांना भात घालत होत्या. कोंबड्या पेंगत होत्या. एकीच्या तुऱ्याला निळी कड आली होती. वर दिवा हिरवागार.

‘आक्काताई,’ तात्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, ‘कोंबड्या पेंगत्यात तुमच्या. लांब बसा. त्वांडाला पदर लावा.’

‘मशीन ठीक म्हनतंय न्हवं?’ त्या मान न वळवता म्हणाल्या. ‘मंग ठीकच की. तुमच्या तेवढ्या धडधाकट, आन माझ्या पेंगनाऱ्या व्हय?’ त्यांनी पेंगणारी कोंबडी उचलून मांडीवर घेतली आणि तिच्या पाठीवर गाल टेकला. ‘वैनीला सांगा, आक्का रुसलीया म्हनून.’

तात्या तिथंच कुंपणाला धरून खोकले. आक्काताईंनाही एक बारीकसा खोकला आला. कदाचित भाताच्या वाफेचा असेल.

आता गप्प बसायचं, त्यांनी ठरवलं. मावळतीच्या हजेरीला तोंड उघडायचं नाही. तेरा आवाज नाहीसे होतील, दिवा लाल होईल, बाकीची यंत्रं दचकून जागी होतील. एवढंच करायचं, काही न करायचं.

दिवस मावळला. ते पडद्याआड बसले, हाताची मूठ तोंडात धरून. कानोसा ऐकू लागला. परड्यात इतकं शांत, की फणसाचं पान पडलेलं कळलं.

‘आवाज ऐकू येत नाहीत. पुन्हा ऐकते.’ पिवळा.

अजून एकदा ऐकेल, मग लाल. एकदाच गप्प राहायचं.

‘अहो?’ भिंतीपलीकडून मालनचा आवाज आला. बारीक, घाबरलेला, असा आवाज तिचा त्यांनी धरणाचं पाणी चढलं त्या दिवशीच ऐकला होता. ‘अहो, माझी मानसं का बोलंनात? अहो, काय झालं त्यांस्नी?’

खाट करकरली. ती उठायला बघत होती. मोडलेल्या खुब्यावर.

तात्यांनी मूठ तोंडातून काढली आणि तेरा कोंबड्या बोलले.

‘तेरा कोंबड्या ठीक आहेत.’

खाट थांबली. तात्यांना वाटलं, मालन झोपली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर नदाफ मॅडमची गाडी आली. पांढरा पोशाख, तोंडाला मास्क, हातात बर्फाची पेटी. चालण्यात लगीनघाई. तात्यांचे डोळे लाल, कपाळ तापलेल्या तव्यासारखं. ते पडवीच्या दारात उभे राहिले, पण डॉक्टरणीचं लक्ष त्यांच्याकडं नव्हतंच. तिचे डोळे पडद्यावर.

‘दाखवा तात्या, दाखवा तुमच्या राण्या!’

‘थांबा थांबा,’ तात्या म्हणाले. ‘बुजऱ्या हाईत. परका मानूस बगून अंड्यावरनं उठत्याल. तुमी तितंच थांबा. मी... मी धरून आनतो एकेक.’

आणि ते पडद्याआड गेले. तिथं रिकामी जमीन, पांढरा चुना. पुढं काय करायचं याचा त्यांना पत्ता नव्हता. दार एकच, दारात डॉक्टरीण. पडदा बाजूला केला की तुरुंग असेल, नाहीतर आणखी काही असेल. त्याची भीती नव्हती. पण पडदा बाजूला झाला की भिंतीपलीकडं कळणार होतं. सगळं. चंद्रीपासून. त्या एका गोष्टीला रवळूतात्या मरणापेक्षा भीत होते.

म्हणून ते बोलू लागले. मोरपिशी बोलली. काळी तिच्यावर डाफरली. चंद्रीनं लाडात येऊन कुरकुर केली. बाहेर डॉक्टरीण आनंदानं हसली. ‘केवढ्या मजेत आहेत हो!’ मग तात्यांच्या छातीतून खोकल्याची उबळ आली. त्यांनी ती अर्ध्यात पकडून तिची शिंक केली, कोंबडीची. दुसरी उबळ आली, तिची काळीची खाकर केली. तिसरी आवरेना. तेराही कोंबड्या एकापाठोपाठ एक खोकल्या.

आढ्यावरून गोड आवाज आला, ‘तेरा कोंबड्या ठीक आहेत.’

‘ऐकलं का काकू?’ नदाफ मॅडम माजघराकडं वळून ओरडल्या. ‘तुमच्या कोंबड्या सगळ्या खोऱ्याला वाचवणार!’ आणि त्यांनी पडद्याला हात घातला.

‘हात लावू नगा!’

मालनचा आवाज भिंत फोडून आला. खणखणीत. पडद्याआड तात्यांच्या घशात कोंबडी अर्धीच राहिली.

‘मॅडम, मागं सरा आदी! कोंबडी एक बी न्हाई तितं. पंचेचाळीस वर्सं त्या खोकल्याच्या शेजारी निजलीया मी. त्यो माझा नवरा हाय, आन त्यो मराय लागलाय!’